गेटपुढचं तिसरं रूप

इंग्रजीतलं ‘गेट’ हे क्रियापद माझ्या आयुष्यात आलं नसतं तर माझं काही फार भलं झालं असतं असं नाही, पण एक मूर्ख आशा तरी लागली नसती. ती लागण्याआधी मी बरी होते. स्वयंपाकघरात बसून कुढायचं आणि अधूनमधून वहिनीवर डाफरायचं, एवढाच माझा कार्यक्रम होता आणि तो मी चोख पार पाडत होते.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही डोंबिवलीत राहत होतो. आम्ही म्हणजे दादा, वहिनी, त्यांच्या दोन लहान मुली आणि मी. दादा मुंबईत एका कचेरीत कारकून होता. स्टेशनपासून थोडं लांब दोन खोल्या, मागे विहीर, विहिरीपलीकडे भाताची खाचरं. त्या घरात मी ‘टाकलेली’ म्हणून राहत होते. हा शब्द माझ्या तोंडावर कोणी उच्चारत नसे. मी विहिरीवर पोचले की बायका एकदम पाण्याच्या चवीबद्दल बोलू लागत, त्यावरून काय ते समजायचं.

माझं लग्न ठाण्याला झालं होतं. सासर कोपरीत, नवरा सरकारी कचेरीत. वर्षभर नांदले असेन. मग दिवाळीला माहेरी आले आणि मला न्यायला कोणी आलंच नाही. रीत अशी की सासरच्यांनी न्यायला यायचं. पोरीने आपण होऊन परत जायचं नाही, गेली तर माहेरचं नाक कापलं जातं. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांतीला दादा तिळगूळ घेऊन कोपरीला जाऊन आला. “सवड झाली की येतो,” असं जावईबापूंनी सांगितलं. त्यांना सवड काही झाली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर कळलं की मामाच्या गावी जाऊन त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिली बायको असताना दुसरी करायला कायद्याने नुकतीच बंदी झाली होती. म्हणून वाजंत्री न लावता केलं. कायद्याचा एवढा मान त्यांनी राखला.

आमच्या घरामागच्या खोलीत एक काका राहायचे. नात्याचे नव्हेत, सगळी आळी त्यांना काका म्हणे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. जन्मभर रेल्वेच्या ज्या खात्यात त्यांनी नोकरी केली तिथे हरवलेल्या आणि खराब झालेल्या मालाच्या तक्रारी यायच्या. तक्रार वाचायची आणि रेल्वे जबाबदार कशी नाही ते इंग्रजीत कळवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांना ते इंग्रजी कुठे खपवावं कळेना. दादाने विचारलं, हिला बाहेरून मॅट्रिकला बसवू या का, तर काकांनी लगेच चष्मा पुसायला घेतला.

वहिनीने आडकाठी केली नाही. “वन्सं, पोळ्या झाल्या की काय शिकायचं ते शिका,” एवढंच म्हणाली. तिच्याही नाकी नऊ आले होते माझ्या डाफरण्याने.

पुस्तकात ‘गेट’चा अर्थ ‘मिळणे’ असा दिला होता. मी तो पाठ केला. एकदा काकांनी भाषांतराला वाक्यं दिली, त्यात ‘ही गॉट ड्राउन्ड’ असं एक होतं. मी लिहिलं, “त्याला बुडायला मिळालं.” पुढचं होतं ‘शी गॉट मॅरिड’. त्याचं मी केलं, “तिला लग्न मिळालं.” काका हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, “हसता काय? पुस्तकात तसंच आहे.”

“पुस्तकाला घाल चुलीत,” काका म्हणाले. “हे बघ पोरी. गेटपुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की मिळण्याबिळण्याचा संबंध संपला. मग ते ‘होणे’. आधी एक स्थिती होती, ती बदलली. बुडाला, भिजला, हरवला. आपल्याला एक शब्द पुरतो, त्या लोकांना दोन लागतात.”

“मग ‘वॉज’ का नाही चालत? वॉज मॅरिड, वॉज लॉस्ट?”

हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नसावा. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

“चालतं. पण घोळ होतो. समज, साखरेची गोणी आहे. व्यापारी तक्रार करतो, ‘द बॅग वॉज टॉर्न.’ म्हणजे काय? गोणी फाटकी होती, की वाटेत फाटली? दोन्ही अर्थ निघतात. मग आम्ही आमच्या सोयीचा घ्यायचो. फाटकीच चढवली असेल तुम्ही, रेल्वे जबाबदार नाही. पण एखादा वस्ताद लिहायचा, ‘द बॅग गॉट टॉर्न.’ झालं! म्हणजे चढवली तेव्हा धड होती. मग साहेब आम्हाला फैलावर घ्यायचा, शोधा कुठे फाटली, कोणाच्या हद्दीत फाटली.”

मी त्या दिवशी पोळ्या करपवल्या. धड असणं आणि फाटकं असणं यांच्यामध्ये एक घटका असते, त्या घटकेला कोणीतरी जबाबदार असतं, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. विहिरीवरच्या बायका, आळीतले लोक, खुद्द वहिनीची आई, सगळे माझ्याकडे फाटकी चढवलेली गोणी म्हणूनच पाहत होते. हिच्यातच काहीतरी असेल, उगीच का कोणी टाकतं. आणि मीही, खरं सांगायचं तर, तेच धरून चालले होते.

मग मला नादच लागला. गेटपुढे तिसरं रूप ठेवायचं आणि आपलं आयुष्य त्यात बसतं का ते बघायचं. आय गॉट बर्न्ट, हे सासरी चुलीपाशी एकदा झालं होतं. आय गॉट स्कोल्डेड, हे रोजचं. एक दिवस मी धीर करून काकांना विचारलं, “टाकलं याचं काय करायचं? आय गॉट लेफ्ट?”

काकांनी आपला कचेरीतला आवाज काढला. “कधी? तारीख सांग.”

मला सांगता येईना. मी टाकली गेले तो दिवस कोणता? दिवाळीला निघाले तेव्हा नवऱ्याने स्वतः टांग्यात ट्रंक ठेवली होती. भाऊबीजेला मी टाकलेली नव्हते. संक्रांतीलाही नसेन, कारण दादाला तिथे चहा मिळाला. असा एकही दिवस दाखवता येत नव्हता की सकाळी मी धड होते आणि संध्याकाळी नव्हते.

“मग गेट लागणार नाही,” काका म्हणाले. “गेटला काहीतरी घडावं लागतं.”

पण लग्न घडलं होतं. त्याला मांडव होता, अक्षता होत्या, उष्ट्या पत्रावळ्यांवर भांडणारी कुत्री होती. तेव्हा आय गॉट मॅरिड हे वाक्य माझ्याबाबतीत सोळा आणे खरं होतं. आय ॲम मॅरिड हे मात्र मला म्हणवेना. ती स्थिती झाली, आणि ती स्थिती शोधून सापडत नव्हती. गळ्यात मंगळसूत्र होतं, पण ते वहिनीच्या सांगण्यावरून. “वन्सं, ते काढू नका हो, आमच्या दोघी पोरींची लग्नं व्हायचीयत,” असं ती दर दोन महिन्यांनी आठवण दिल्यासारखं सांगायची. मी काकांना माझा निष्कर्ष सांगितला, की माझं लग्न झालं, पण मी विवाहित नाही. काका म्हणाले, “व्याकरणात याला तोड नाही.” मला तेव्हा वाटलं, आता कोणी विचारलं तर द्यायला माझ्याकडे उत्तर आहे.

मी मॅट्रिक पास झाले. इंग्रजीत तर वहिनीच्या भावापेक्षा जास्त गुण पडले, हे मी तिला आठवडाभर विसरू दिलं नाही. त्याच सुमारास आमच्याकडे एक नवी शाळा निघाली. नव्या धोरणाप्रमाणे इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं होतं, म्हणजे मिसरूड फुटलेल्या पोरांना ए-बी-सी-डी गिरवायला शिकवायची. मुलींच्या तुकडीवर त्यांना बाई हवी होती आणि मॅट्रिक झालेली चालणार होती. मी अर्ज केला.

ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती की देवापुढे मागायचीही भीती वाटे. मला शिकवायची हौस होती वगैरे काही नाही. मला एक स्वतंत्र खोली हवी होती, एक स्टोव्ह, आणि दाराला आतून लावायची कडी. कोणाच्या मुलींच्या लग्नाला आपण आड येतो का, याचा विचार न करता झोपायचं होतं. बस.

मुलाखतीला तिघे बसले होते. मुख्याध्यापक, संस्थेचे सेक्रेटरी, ते पेशाने वकील, आणि शाळेला जमीन देणारे पाटील. पाटलांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलं, पूर्वी भातशेती आणि मिठागरं करणारं. ते डोक्याची टोपी मांडीवर ठेवून गप्प बसले होते. मुख्याध्यापकांनी मला एक उतारा वाचायला दिला, काळ ओळखायला सांगितले. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मुख्याध्यापक मान डोलवत होते. मग सेक्रेटरींनी इंग्रजीत विचारलं, “आर यू मॅरिड?”

मी म्हटलं, “आय गॉट मॅरिड, सर.”

“म्हणजे यू आर मॅरिड.”

“नो, सर. आय गॉट मॅरिड.”

मुख्याध्यापक मिशीत हसले. त्यांना वाटलं बाई घाबरली. मराठीत समजुतीने म्हणाले, “अहो बाई, काळ चुकतोय तुमचा. झालेलं लग्न म्हणजे आहेच की. गॉट मॅरिड, देअरफोर ॲम मॅरिड.”

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला चूक म्हटलेलं तेव्हाही खपत नसे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ एक गोष्ट बरोबर होती. मी म्हटलं, “नाही सर, काळ बरोबर आहे. गेटने घटना कळते, स्थिती कळत नाही.” आणि मी त्यांना साखरेच्या गोणीचं उदाहरण दिलं. पूर्ण दिलं, रेल्वेच्या हद्दीसकट.

मुख्याध्यापकांचं हसू मावळलं. माणूस वाईट नव्हता, माझं म्हणणं त्याला कळलं होतं, म्हणूनच तो खाली टेबलाकडे पाहू लागला. शेवटी पाटील बोलले. तेवढा एकच प्रश्न त्यांनी त्या दिवसभरात विचारला असेल.

“बाय, तुजा नवरा हाय का नाय?”

“आहे.”

“मंग?”

या ‘मंग’ला माझ्या व्याकरणात उत्तर नव्हतं. सेक्रेटरींनी टेबलावर बोटं वाजवली आणि ते वकिली शांतपणाने म्हणाले, “बाई, तुमच्या इंग्रजीबद्दल आमची तक्रार नाही. पण विवाहित स्त्रीला नेमताना पतीची लेखी संमती घेतो आम्ही. उद्या तो माणूस दारात येऊन उभा राहिला, माझ्या बायकोला माझ्या परवानगीवाचून कामाला लावलंत म्हणाला, तर संस्थेने काय करायचं? विधवा असतात तर प्रश्नच नव्हता. अविवाहित असतात तरी वडिलांची नाहीतर भावाची चालली असती. तुम्ही संमती आणा, जागा आठ दिवस ठेवतो.”

आठ दिवस जागा ठेवतो म्हणाले, म्हणून मी हुरळले. घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते.

दादाला मुळीच जायचं नव्हतं, पण तो माझ्याबरोबर कोपरीला आला. दार दुसरीने उघडलं. कडेवर पोर होतं. मी कोण हे तिने ओळखलं असावं, कारण तिने पदर खांद्यावर ओढला आणि आम्हाला सतरंजी घातली. माझ्याहून धाकटी होती, आणि थकलेली. तिचा राग येईल म्हणून मी तयारी करून गेले होते, तो आला नाही. भिंतीवर जिथे माझ्या वेळी आरसा होता तिथे आता कॅलेंडर होतं.

नवऱ्याने दादाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मग तो म्हणाला, “मी संमती कशी देऊ? त्यांना तुम्हीच सांगा ना.”

त्यांना! मी इकडेतिकडे पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. मग कळलं की ‘त्यांना’ म्हणजे मला. वर्षभर ज्याने मला ‘ए’ आणि ‘अगं’ याखेरीज हाक मारली नाही, तो मला आता अहो-जाहो करत होता. वाण्याच्या बायकोला करतात तसं.

“फक्त दोन ओळी लिहून द्या,” दादा म्हणाला. “तुमचं काही जात नाही त्यात.”

“जातं. नोकरी जाते माझी. दोन ओळींत काय लिहू, माझी पत्नी अमुक अमुक हिला? आणि ही घरात आहे ती कोण मग? नवा कायदा ठाऊक आहे ना तुम्हाला? तो कागद उद्या साहेबाच्या टेबलावर गेला की मी तुरुंगात.” एवढं बोलून त्याला बहुतेक माझी दया आली असावी, कारण त्याचा आवाज उतरला. “त्यांचं लग्न झालं होतं, ते मी नाकारत नाही. झालं होतं. पण आता त्या काही विवाहित नाहीत. माझ्या लेखी तरी नाहीत.”

माझं वाक्य जसंच्या तसं पटलेला जगात एकच माणूस निघाला, आणि तो माझा नवरा.

दुसरीने चहा आणून ठेवला. मी तो सगळा प्यायले. पोराने माझ्या बांगड्यांना हात लावला, तिने तो मागे घेतला. “असू दे हो,” मी म्हटलं. त्या घरात मी बोललेलं हे शेवटचं वाक्य.

परतताना मी दादाला म्हटलं, “मग आपण फिर्याद करू. कायदा आहे ना?”

“आणि नवऱ्याला तुरुंगात घालणारी बाई कुठली शाळा घेईल?” दादा म्हणाला.

“मग घटस्फोट. त्याचाही कायदा झालाय.”

दादा म्हणाला, “माझ्या मुली आहेत गं.” तो रडवेला झाला होता. त्याच्यावर ओरडावं असं मला वाटत होतं, पण ओरडून त्याच्या मुली काही कमी होणार नव्हत्या.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी ते त्यांच्या जुन्या फायलीसारखं ऐकलं. “शाळा म्हणते तू विवाहित, तो म्हणतो तू नाहीस. दोन्हीकडून हात झटकले.” मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, “पण पोरी, तुझं वाक्य शुद्ध होतं हो. शंभर टक्के शुद्ध.” मला ते ऐकून इतका संताप आला की मी त्यांच्याकडे पुढे महिनाभर गेले नाही. शुद्ध वाक्य घेऊन करायचं काय होतं? ‘येस सर, आय ॲम मॅरिड’ म्हणाले असते तरी संमती लागलीच असती. ‘नो सर’ म्हणून खोटं बोलले असते तर गळ्यातलं दिसलं असतं. खरं बोलले, त्याचाही उपयोग झाला नाही. तिन्ही वाटांच्या शेवटी वहिनीचं स्वयंपाकघरच होतं. ती जागा एका कुमारिकेला मिळाली.

त्यानंतर माझ्या मनात जी गोष्ट सुरू झाली ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. ‘विधवा असतात तर प्रश्नच नव्हता’, हे वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं. मी त्याच्या मरणाची वाट पाहू लागले. शिव्याशाप नाहीत, नवस नाहीत, नुसती वाट. ठाण्याकडून कोणी आलं की मी सहज विचारावं तसं विचारी, कोपरीकडे सगळे ठीक ना? सगळे ठीकच असायचे. वटपौर्णिमेला वहिनी मला वडापाशी घेऊन जाई आणि मी सूत गुंडाळत फेऱ्या घाली. मनात काय चाललं असेल हे त्या वडाला ठाऊक. मला त्याची लाज वाटत नव्हती. मला फक्त उशीर होत होता.

मधल्या काळात काका गेले. दादाच्या मुली मोठ्या झाल्या. गावाचं शहर होऊ लागलं, खाचरांतून चाळी उठल्या. मी पोळ्या लाटल्या, मुलींचा अभ्यास घेतला, वहिनीच्या दोन आजारपणांत घर ओढलं. माझं डाफरणंही कमी झालं, त्याचंच दादाला कौतुक.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा तो वारला. पोटाच्या दुखण्याने, दोन आठवड्यांत. दादाच्या कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं. मी डोक्यावरून पाणी घेतलं, मंगळसूत्र काढून वहिनीच्या हातात दिलं. वहिनी रडली, मला रडू आलं नाही. संध्याकाळी दादा माझ्याजवळ येऊन बसला आणि चाचरत म्हणाला, “बोलू नये, पण आता शाळेत तुला कोणी अडवणार नाही.” म्हणजे त्याच्याही डोक्यात ते होतं तर.

दिवस उरकल्यावर मी शाळेत गेले. सेक्रेटरी तेच होते, केस पांढरे झालेले. त्यांनी मला ओळखलं. माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहून ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, फार वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, “आता तशी काही अडचण नाही. पण बाई, आता पदवीधर लागतात. बी. ए., वर ट्रेनिंग. मॅट्रिकवाले घेणं बंद केलं आम्ही.”

मी म्हटलं, “असं का.”

“वयही बघतात हल्ली,” ते म्हणाले.

मी नमस्कार केला आणि घरी आले. वहिनी ओट्यापाशी पीठ चाळत होती. मी हात धुतले आणि तिला म्हटलं, “तुम्ही सरा, पीठ मी मळते.”